मनगटावरचा मुका बिल्ला



वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांची साधारण अपेक्षा अशी असते की, वक्त्याने एक तर संतवाङ्मयावर बोलावे, नाही तर देशाच्या अर्थकारणावर. आमचा आजचा विषय या दोहोंत बसत नाही. तो करमणुकीचा आहे, आणि तोही लहान मुलांच्या करमणुकीचा. अमेरिका, जपान अशा देशांतल्या मोठमोठ्या थीम पार्कांत मुलांच्या मनगटावर रबराचा एक पट्टा बांधतात. त्या पट्ट्यात रेडिओलहरींनी वाचता येणारा एक इवलासा बिल्ला बसवलेला असतो. मूल एखाद्या भिंतीपाशी जाऊन हात टेकवते, आणि ती भिंत त्या मुलाला ओळखते. आजचे व्याख्यान या ओळखीविषयी आहे. ती पटते कशी, तिच्यामुळे खेळ कसा पालटतो, आणि तिचा हिशेब कोण ठेवतो, या तीन गोष्टी आम्ही क्रमाने मांडणार आहोत. पहिल्या दोन गोष्टी मौजेच्या आहेत. तिसरीसाठी मात्र आपले थोडे अधिक लक्ष हवे.

प्रथम यंत्राची गोष्ट. या बिल्ल्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरएफआयडी’ म्हणतात. त्याच्या पोटात दोनच वस्तू असतात: तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक तारेची एक गुंडाळी आणि तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा सिलिकॉनचा तुकडा. त्या तुकड्यात एक आकडा कोरलेला असतो. साध्या बिल्ल्यात बॅटरी नसतेच. मग तो बोलतो कशाच्या बळावर? उत्तर जुनेच आहे. 1831 साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे धरले की त्यात वीज उत्पन्न होते. भिंतीतल्या वाचकयंत्रातही अशीच एक गुंडाळी असते. तिच्यातून सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार आवर्तने पुरी करणारी वीज खेळवलेली असते. बिल्ला तिच्यापासून चारपाच सेंटिमीटरवर आला की त्याच्या गुंडाळीत वीज जागी होते, आणि तेवढ्या उसन्या विजेवर तो सिलिकॉनचा तुकडा शुद्धीवर येतो.

आता तो उत्तर कसे देतो ते पाहा. विहिरीच्या काठावर दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला खाली घागर बुडली की वर हाताला ओढ कळते. घागर डोळ्यांनी दिसावी लागत नाही. बिल्ला तसेच करतो. आपल्या आकड्याच्या ठेक्यावर तो कमीजास्त वीज ओढतो, आणि ही ओढ वाचकयंत्राला आपल्या गुंडाळीत जाणवते. त्या ओढीच्या चढउतारावरून यंत्र आकडा वाचते. चार मुलांनी एकदम हात पुढे केले तर गोंधळ होऊ नये म्हणून हजेरीसारखी एक पद्धत ठरलेली आहे. यंत्र विचारते, ज्यांच्या आकड्याची सुरुवात अमुक अशी आहे तेवढ्यांनीच बोला. असे चाळत चाळत ते एकेका बिल्ल्यापर्यंत पोचते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपते.

दुसऱ्या जातीचे बिल्ले याहून उंच कंपनसंख्येवर चालतात आणि काही मीटरांवरूनही वाचता येतात. हे बिल्ले आपल्याला परके नाहीत. मोटारीच्या काचेवर चिकटवलेला फास्टॅग हा याच कुळातला. फेब्रुवारी 2021 च्या मध्यापासून तो देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या नाक्यातून गाडी निघाली की घरच्या फोनवर संदेश येतो: अमुक नाका, अमुक वेळ, अमुक रुपये. हा संदेश लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत. मात्र काचेवरचा बिल्ला मनगटावर बांधला तर तो नीट वाचला जात नाही. माणसाचे शरीर बहुतांशी पाणी आहे, आणि त्या उंच लहरी पाण्यात जिरतात. म्हणून अंगावर घालायच्या पट्ट्यात बहुधा जवळून वाचायचाच बिल्ला घालतात. दुरून वाचायची गरज असली तर वेगळी बॅटरी आणि वेगळा प्रक्षेपक बसवावा लागतो.

या विद्येचा इतिहास खेळातून सुरू झालेला नाही, हेरगिरीतून झालेला आहे. 1945 साली सोविएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला, ॲव्हरेल हॅरिमन यांना, लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह स्नेहभेट म्हणून दिले. राजदूताच्या निवासस्थानी ते भिंतीवर लागले आणि 1952 पर्यंत तेथे एक ऐकणारा कान होऊन राहिले. त्याच्या आत बॅटरीही नव्हती आणि बाहेर आलेली तारही नव्हती. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला म्हणजेच ते जागे होई, आणि खोलीतले बोलणे परतणाऱ्या लहरींवर चढवून पाठवी. ही करामत लेव्ह थेरेमिन यांची. वाद्याला हात न लावता सूर काढण्याचे यंत्र ज्यांनी बनवले तेच हे गृहस्थ. 1948 साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींनी संदेश धाडण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. 1973 साली मारिओ कार्डुलो आणि चार्ल्स वॉल्टन यांना या प्रकारच्या यंत्रांची पेटंटे मिळाली. वॉल्टन यांचे यंत्र दाराचे कुलूप उघडण्याचे होते. तेव्हा जन्मापासूनच या विद्येच्या एका हातात किल्ली आहे आणि दुसऱ्या हातात कान आहे. पुढे ती मुलांच्या खेळात आली ती दोन्ही हात बरोबर घेऊनच.

आता खेळाकडे वळू. जत्रेतला पाळणा सर्वांना सारखाच फिरवतो. बसणारा कोण आहे, गेल्या खेपेला आला होता की नाही, भित्रा आहे की धीट आहे, याची पाळण्याला दखल नसते. थीम पार्कांतले पाळणेही, कितीही प्रचंड आणि कितीही महाग असले तरी, कित्येक वर्षे असेच होते. प्रेक्षक गाडीत बसे, गाडी रुळावरून जाई, दोन्ही बाजूंना देखावे उघडत आणि मिटत. पाहणे एवढेच त्याचे काम. अमेरिकेत डेनीस वेस्टन या बाई आणि त्यांचे सहकारी यांनी या पाहणाऱ्याला खेळणारा करायचे मनावर घेतले. खेळाडूच्या अंगावर बिल्ला द्यायचा, जागोजागी वाचकयंत्रे ठेवायची, आणि प्रत्येकाची प्रगती त्याच्या आकड्यापुढे नोंदत जायचे, अशा खेळपद्धतीचे पेटंट 2004 साली मंजूर झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेने मॅजिक्वेस्ट हा खेळ साउथ कॅरोलिनातल्या मर्टल बीच येथे सुरू केला. त्यात मुलाच्या हाती जादूची कांडी असते. कांडी फिरवली की ती आपला आकडा रेडिओऐवजी अदृश्य अशा अवरक्त प्रकाशाने पाठवते. पण कल्पना तीच. पेटी उघडते, मूर्ती बोलते, आणि ‘तुझी एवढी कामे झाली, एवढी राहिली’ असा निरोप मिळतो. वर्षाने तीच कांडी घेऊन मूल परत आले तर खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो.

श्रोतेहो, हा बदल लहान नाही. जागेला स्मरण आले. कथेकऱ्याने श्रोत्यांतल्या एका मुलाकडे बोट दाखवून, ‘आता राजपुत्राने काय करावे, तू सांग’ असे विचारले, तर त्या मुलाचे डोळे कसे चमकतील! तसा हा आनंद आहे. आपल्याला कोणी ओळखावे, आपल्या केल्याने जगात काही हलावे, ही बालमनाची फार खोल भूक आहे. ही यंत्रे त्या भुकेला अन्न घालतात. त्यांना नुसते दिखाऊ म्हणून नाके मुरडणे बरोबर होणार नाही.

सर्वांत मोठा प्रयोग केला तो डिस्ने कंपनीने. फ्लॉरिडातल्या आपल्या उद्यानांसाठी तिने 2013 साली मॅजिकबँड नावाचा मनगटपट्टा आणला. त्यासाठी उभारलेल्या साऱ्या व्यवस्थेवर सुमारे 100 कोटी डॉलर खर्च झाल्याचे वृत्तपत्रांतून आले. त्या पट्ट्यात दोन यंत्रे होती: हात टेकवून वाचायचा साधा बिल्ला, आणि काही मीटरांवरून ऐकू जाईल असा, बॅटरीवर चालणारा छोटा प्रक्षेपक. पट्टा हेच उद्यानाचे तिकीट, हीच हॉटेलच्या खोलीची किल्ली, हाच पैशाचा बटवा. पाळण्यात काढलेले छायाचित्र आपोआप ज्याच्या त्याच्या नावे जमा होई. एका उपाहारगृहात आधी पदार्थ सांगून गिऱ्हाईक हवे त्या मेजावर जाऊन बसे, आणि वाढपी न विचारता तेथेच ताट घेऊन येई.

ऑर्लँडोतल्याच व्होल्केनो बे या जलोद्यानाने 2017 साली उघडताना प्रत्येकाला तापुतापु नावाचा पट्टा दिला. पाण्यात खेळणाऱ्याने फोन कोठे ठेवायचा आणि पाकीट कोठे ठेवायचे? म्हणून पट्ट्यानेच रांगेतली जागा राखायची. पाळी आली की तोच मनगटावर कळवी. मधल्या वेळात पट्टा एखाद्या खांबावर टेकवावा, तर दुसऱ्याच कुणाच्या अंगावर पाण्याची चिळकांडी उडे. आणि 2021 च्या मार्चमध्ये जपानात ओसाका येथे सुपर निन्टेन्डो वर्ल्ड उघडले. तेथे मूल उडी मारून प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यावर हात आपटते, नाण्याचा खणखणाट होतो, आणि ते नाणे त्याच्या खात्यावर जमा होते. पडद्यावर पाहिलेला खेळ पायांनी खेळायचा, ही कल्पना तर खरोखर सुरेख आहे.

सोयीचे पारडेही हलके नाही. उन्हात तासभर तिष्ठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, कडेवर मूल असलेल्या आईला, रांगेतून सुटका ही मोठी सुटका. हरवलेल्या मुलांचेही तसेच. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगोलँडने 2004 साली मुलांसाठी असे पट्टे भाड्याने देऊ केले होते. मूल दिसेनासे झाले तर आईबापांना फोनवरून त्याचा ठावठिकाणा कळत असे. जत्रेत मूल हरवल्यावर ध्वनिक्षेपकावरून त्याच्या नावाचा पुकारा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको.

मग अडचण कोठे आहे? अडचण बिल्ल्यात नाही. बिल्ला मुका आहे. त्यात मुलाचे नाव नसते, वय नसते, बापाच्या खात्यातले पैसे नसतात. असतो केवळ एक आकडा. तो रस्त्यात पडला आणि तुम्हा-आम्हाला सापडला तर आपल्याला त्यातून काहीही कळणार नाही. ज्याच्यात सारे काही असते ती वही निराळीच, आणि ती कंपनीच्या संगणकात असते. या आकड्यापुढे कोणते नाव, ते मूल किती वाजता आत आले, कोणत्या पाळण्यात दोनदा बसले, कोणत्या दुकानापाशी घोटाळले, काय खाल्ले, कोणत्या बाहुल्याला मिठी मारली, हे सारे त्या वहीत उतरू शकते. फास्टॅगचा तो संदेश आठवा. आपल्याला कळते ती वहीतली एक ओळ. बाकीची पाने आपण पाहिलेली नसतात.

आपल्याकडेही आई गर्दीत जाताना मुलाच्या खिशात नावपत्त्याची चिठ्ठी घालते. ती चिठ्ठी आणि हा बिल्ला एकच, असे कोणी म्हणेल. तसे नाही. चिठ्ठी वाचायची तर मुलाला थांबवावे लागते, खिशात हात घालावा लागतो. चार माणसांच्या देखत ते घडते, आणि मूल घरी पोचले की चिठ्ठीचे काम संपते. दुरून वाचला जाणारा बिल्ला मुलाला नकळत वाचला जातो, दिवसातून शेकडो वेळा वाचला जातो, आणि मूल घरी जाऊन झोपले तरी वही उघडीच राहते.

हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला. मॅजिकबँडची घोषणा झाली त्याच महिन्यात, जानेवारी 2013 मध्ये, प्रतिनिधिगृहाचे सभासद एडवर्ड मार्की यांनी डिस्नेच्या प्रमुखांना पत्र लिहून विचारले की, मुलांविषयी कोणती माहिती गोळा होणार आणि ती कोणाला दिली जाणार? कंपनीचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांनी सडेतोड उत्तर दिले: पट्टा घेणे ऐच्छिक आहे आणि पट्ट्यात वैयक्तिक माहिती साठवलेली नाही. उत्तर खरे होते. ज्यांना दुरून वाचले जाणे नको होते, त्यांना केवळ टेकवून वाचायचे साधे कार्डही मिळत होते. पण प्रश्नकर्त्याचा रोख वहीवर होता, आणि उत्तराचा मोठा भाग पट्ट्याविषयी होता. या विषयावर वादविवाद वाचताना ही निसटती जागा आपण नेहमी शोधावी. बिल्ला किती निष्पाप आहे हे कोणी पटवू लागला, तर त्याला नम्रपणे म्हणावे, ‘ते मान्य. आता वहीविषयी बोला.’

‘ऐच्छिक’ या शब्दाकडेही जरा जवळून पाहायला हवे. ओसाकाच्या त्या उद्यानात पट्टा प्रवेशमूल्यात धरलेला नव्हता. उघडले तेव्हा त्याची किंमत 3,200 येन होती. पट्टा न घेताही आत हिंडता येते, मुख्य पाळण्यांत बसता येते. परंतु खेळाची शेवटची लढाई जिथे होते त्या दालनात शिरायला तीन किल्ल्या मिळवाव्या लागतात, आणि किल्ल्या पट्ट्यावाचून मिळत नाहीत. आता दोन भावंडे कल्पा. एकाच्या हातात पट्टा आहे, दुसऱ्याच्या नाही. एकाने ठोकळ्यावर हात मारला की खात्यावर नाणे जमते, दुसऱ्याने मारला तर जमत नाही. या दुसऱ्याला तुम्ही ‘पट्टा ऐच्छिक आहे’ म्हणून समजावू पाहा! जत्रेतल्या पाळण्याला ओळखदेख नव्हती खरी. पण त्यामुळेच एकदा आणा दिला की तो सावकाराच्या पोराला आणि मजुराच्या पोराला सारखाच वर नेत असे. ओळखणारी भिंत आली की न ओळखणारी भिंतही त्याच क्षणी आली.

याहूनही आम्हाला जी काळजी वाटते ती सवयीची. खेळाच्या मैदानातली सवय मैदानात राहत नाही. 2005 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सटर या लहान गावी एका प्राथमिक शाळेने मुलांच्या गळ्यात रेडिओ-बिल्ले अडकवले आणि वर्गांच्या दारांवर वाचकयंत्रे लावली. हेतू हजेरीचा होता. मास्तरांचा वेळ वाचावा एवढाच. काही पालकांनी हरकत घेतली, सभा गाजल्या, आणि फेब्रुवारीत बिल्ले पुरवणाऱ्या संस्थेने आपली व्यवस्था काढून घेतली. त्या पालकांना ते खटकले, कारण त्यांच्या स्वतःच्या बालपणी तसे काही नव्हते. ज्या मुलाने चौथ्या वर्षापासून हौसेने पट्टा बांधला, ज्याला तो बांधताच जग हसून ‘ये’ म्हणाले, त्या मुलाला मोठेपणी शाळेच्या, कारखान्याच्या, कचेरीच्या दारावर तोच पट्टा पुढे आल्यावर काही विचारावेसे वाटेल काय? ओळख हवी तर नोंद सोसावी लागते, हा धडा ते खेळता खेळता शिकलेले असेल. आणि खेळता खेळता शिकलेले माणूस सहसा विसरत नाही.

आपल्या देशात या बाबतीत अगदी अंधार आहे असे नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे 18 वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर आईबापांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवणे, यांना तेथे मनाई आहे. त्यातून काहींना वगळण्याची मुभा सरकारने राखली आहे, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये निघालेल्या नियमांनी अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरवले आहे. कायदा चांगला आहे. पण कायद्याला डोळे असतात ते नागरिकांचे. संमतीच्या कागदावर आपण न वाचता अंगठा उठवू, तर कलम नववे असो की नव्वदावे, ते छापील पानावरच राहील.

तेव्हा आम्ही आईबापांना पट्टा तोडून फेका असे सांगायला आलेलो नाही. मुलांची मौज मोडून कोणाचेही स्वातंत्र्य वाढत नाही. आमचे मागणे साधे आहे. पट्टा हातात घेताना खिडकीवरच्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत: या आकड्यापुढे आमच्या मुलाचे नाव लिहिणे खरोखर जरूर आहे का, की टोपणनावाने खेळता येईल? हा पट्टा मुलाने हात टेकवल्यावरच वाचला जातो, की दुरूनही? आणि संध्याकाळी आम्ही घरी गेलो की वहीतले आमचे पान कधी फाडणार? मुलाच्या समोर विचारावेत हे बरे. उत्तर समाधानकारक मिळो वा न मिळो, मुलाच्या कानावर एवढे तरी जाईल की, आपल्याला ओळखू पाहणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो.

यंत्राला स्मरण देणे शास्त्रज्ञांनी साधले. त्याला वेळच्या वेळी विसरायला लावणे हे काम शास्त्रज्ञांचे एकट्याचे नाही. ते समाजाचे आहे, म्हणजे तुमचे आणि आमचे आहे. खेळ संपला की आई मुलाचे हातपाय धुते, दिवसभराची धूळ निघून जाते, आणि मूल दुसऱ्या दिवशी नव्याने खेळायला मोकळे होते. पट्ट्याच्या वहीलाही असा एक धुण्याचा तांब्या हवा.